गुरुजी, नाला आला होता

आमच्या शाळेत उशिराला एकच कारण चालायचं. "गुर्जी, नाला आला होता." आम्ही नाल्यापलीकडच्या टोलीवरची पोरं, त्यामुळे हे कारण आमच्या हक्काचं.

एरवी त्या नाल्यात काय होतं? उन्हाळ्यात वाळूत झिरी खोदून वाटीवाटीनं गुंड भरायचा. श्रावणात मात्र तोच दोन तासांत कमरेवर यायचा, अन् तसाच उतरायचा. पाऊस वर जंगलात, शाळेवर लख्ख ऊन. मग खरं-खोटं करायला गुरुजी चड्डीची किनार बघत. पुराचं पाणी लाल, मातकट. बोरिंगवर भिजवलेली चड्डी स्वच्छ. कितीदा सापडलो!

खरी कारणं वेगळीच असत. शाळा उघडायच्या दिवसांत डोहावरची जांभळं (तिथं जीभच दगा द्यायची). चैत्रात मोहफुलं. ती पहाटे टपटपतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, आणि नेमकी तेव्हा शाळा सकाळची. टोपली भरल्याशिवाय आई सोडत नसे. अशाच एका सकाळी घाईत तोंडून निघून गेलं, "नाला आला होता." चैत्रात!

वर्ग हसून लोळला. गुरुजी हसले नाहीत. शनिवारी अख्खा वर्ग घेऊन नाल्यावर आले. "दाखव बरं, कुठं आला?" कोरड्या वाळूत मी मान खाली घालून उभा. मग त्यांनी मला एकेका झाडाच्या सालीवरून हात फिरवायला लावला. पाण्याकाठचा कहू, म्हणजे पुस्तकातला अर्जुन, गुळगुळीत, पांढुरका. जरा वर ऐन, मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला. खाली पडलेली फळं मात्र दोघांचीही पाच पंखांची, सख्ख्या भावांसारखी. तो हात अजून विसरलेला नाही. जंगलात गेलो की आधी सालीवर जातो.

तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. नाल्याला त्याचं काय? तो आपला चुलबंदला मिळतो, चुलबंद वैनगंगेला. पुढे पूल झाला आणि टोलीच्या पोरांचं कारण गेलं.

हा मजकूर मी पंधरा दिवस उशिरा दिला. स्मरणिकेचं काम बघणाऱ्या वर्गमित्रानं फोनवर झापलं. म्हटलं, "नाला आला होता बाप्पा."

तो म्हणाला, "चड्डी दाखव."