किकबॅक डायरी: 5 इस्पिक आलं आणि 13 इम्प गेले

ब्रिजमध्ये 4 नो ट्रम्प म्हणजे स्लॅमच्या (बारा-तेरा ट्रिक्सच्या) बोलीआधी जोडीदाराकडची कीकार्ड, म्हणजे चार एक्के आणि हुकमाचा राजा, विचारणं. मागच्या नोंदीनंतर त्याची 1430 उत्तरं (पहिली पायरी एक किंवा चार, दुसरी शून्य किंवा तीन) मला आणि माझे जोडीदार असलेल्या काकांना पक्की बसली. नेमकी त्यानंतरच क्लबच्या टीम मॅचमध्ये ही पानं आली. दोन्ही बाजू व्हल्नरेबल, म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे.

काका: इस्पिक 7-3, बदाम एक्का-राणी-गुलाम-9-5, चौकट एक्का-राजा-राणी-6, किलवर 8-2.
मी: इस्पिक राजा-राणी-गुलाम-4, बदाम राजा-10-8-7, चौकट 5, किलवर राजा-राणी-गुलाम-3.

काकांनी 1 बदाम उघडलं. मी 2 नो ट्रम्प, जॅकोबी, म्हणजे बदामला चार पानांचा पाठिंबा आणि गेमची ताकद. त्यांचं 3 बदाम, म्हणजे जास्तीचे पॉइंट आहेत, शॉर्टनेस (एखाद्या रंगात एकच पान किंवा एकही नाही) नाही. माझं 3 इस्पिक क्यू बिड, म्हणजे त्या रंगात कंट्रोल आहे, विरोधकांना तिथे लागोपाठ दोन ट्रिक्स घेता येणार नाहीत. त्यावर 4 चौकट, म्हणजे किलवर कंट्रोल नाही. तो माझ्याकडे होता, म्हणून 4 नो ट्रम्प. उत्तर आलं 5 इस्पिक: दोन कीकार्ड आणि हुकमाची राणी. बाहेर दोन कीकार्ड आहेत हे कळलं, पण इस्पिक बदामच्या वर असल्याने 5 बदाम केव्हाच मागे पडलं होतं. 5 नो ट्रम्प म्हणजे राजांची चौकशी, तो रस्ताही बंद. 6 बदाम. इस्पिकचा एक्का, किलवरचा एक्का, एक डाउन. दुसऱ्या टेबलावर 4 बदाममध्ये अकरा ट्रिक्स, 650. फरक 750, म्हणजे 13 इम्प (टीम मॅचचे गुण).

एकच कीकार्ड हातात असताना विचारायचंच नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. दोन्ही हातांत मिळून 31 पॉइंट आहेत. काकांकडे चौकटच्या राजा-राणीऐवजी किलवरचा एक्का असता तर 6 बदाम टेबलावर ठेवून दाखवता आलं असतं. न विचारता हे ओळखायचं कसं? खरी अडचण जागेची आहे. इस्ली ब्लॅकवूड यांनी 1933 मध्ये 4 नो ट्रम्प सुचवलं. इस्पिक हुकूम असेल तर चारही उत्तरं 5 इस्पिकपर्यंत मावतात. बदामला एक पायरी कमी पडते.

यावर उतारा आहे जेफ रुबेन्स यांचा किकबॅक. हुकमाच्या चारच्या बोलीच्या लगेच वरची बोली चौकशीची. बदाम हुकूम असेल तर 4 इस्पिक. पायऱ्या त्याच: 4 नो ट्रम्प म्हणजे एक किंवा चार, 5 किलवर शून्य किंवा तीन, 5 चौकट राणीशिवाय दोन, 5 बदाम राणीसकट दोन. वरच्या पानांवर काका 5 बदाम म्हणाले असते आणि मी पास.

राणीची चौकशी तर याहून सुंदर बसते. परवा बीबीओच्या (ब्रिज बेस ऑनलाइन) बिडिंग टेबलावर सराव करताना 4 इस्पिकला 5 किलवर आलं, तीन कीकार्ड. मी 5 चौकटने राणी विचारली, काकांनी 5 बदाम म्हणून नाही सांगितलं, तिथेच थांबलो. एक एक्का बाहेर होता आणि हुकमाची राणी नको त्या विरोधकाच्या हातात, तीन पानांत. जुन्या पद्धतीत तीन कीकार्डांचं उत्तर 5 चौकट, आणि राणी विचारायला 5 इस्पिकशिवाय पर्याय नाही. काका खुर्चीतून उठून म्हणाले, "अगं, हे आधी का नाही केलं आपण!"

अडलंय ते एकाच जागी: 4 इस्पिक नेमकं चौकशीचं कधी? 1 इस्पिक – 2 बदाम – 3 बदाम, यानंतरचं 4 इस्पिक खेळायचं म्हणून की विचारायचं म्हणून? या गोंधळात 4 इस्पिकवर पास बसला तर 13 इम्पपेक्षा मोठा फटका आहे. आमचा पहिला नियम: आपल्यापैकी कुणीही इस्पिक बोललं असेल तर चौकशी 4 नो ट्रम्पनेच. पण मग 1 बदाम – 3 इस्पिक स्प्लिंटरचं (बदामला पाठिंबा, इस्पिकमध्ये शॉर्टनेस) काय? तिथे इस्पिक बोललंय, पण खेळायचं म्हणून नव्हे. वरच्या 3 इस्पिक क्यू बिडचंही तेच, पहिला नियम लावला तर ही पानंच वाचत नाहीत. म्हणून नियम बदलला: इस्पिक नॅचरल बोललं असेल तरच 4 नो ट्रम्प, एरवी 4 इस्पिक. त्यात 4 इस्पिक चौकशीला गेल्याने इस्पिकचं क्यू बिड 4 नो ट्रम्पकडे सरकतं. ते लक्षात ठेवणं सर्वांत जड जातंय.

चौकट-किलवरला किकबॅक नको असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता दिसतंय की हाच नियम चौकटलाही जसाच्या तसा लागतो: बदाम नॅचरल बोललं नसेल तर 4 बदाम चौकशीचं. किलवरचं 4 चौकट मात्र अजून नको, तिथे क्यू बिडची जागा जास्त मोलाची आहे.

जाता जाता बिडिंग बॉक्सबद्दल, म्हणजे बोलींची कार्डं ठेवायच्या डब्याबद्दल. लॅमिनेट केलेली कार्डं पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात, 4 इस्पिक ओढलं की 4 नो ट्रम्प सोबत येतं, आणि किकबॅकमध्ये या दोनच कार्डांवर सगळा खेळ आहे. पूर्ण प्लास्टिकची घ्या, थोडी महाग पडली तरी.

विरोधकांनी 4 इस्पिकला लीडसाठी (जोडीदाराने इस्पिकने सुरुवात करावी म्हणून) डबल दिला तर सध्या पायऱ्या त्याच ठेवल्यात. रीडबल आणि पास वापरून दोन पायऱ्या वाचतात, पण आधी बदाम हुकमाचे भरपूर डील लावून मूळ नियम घोटायचाय. कुणी डबलनंतरची उत्तरं वेगळी खेळत असेल तर एखादा हात लिहा.