मागच्या देहाचे देणे

शनिवार

नवतपा अजून लागायचा आहे, तरी दुपारी धरमपेठेच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सकाळी काठोकाठ भरलेली कूलरची टाकी संध्याकाळच्या आत तळाला जाते आणि वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास तेवढा खोलीत उरतो. अशा दिवसांत घराबाहेर पडण्यात शहाणपण नसल्याने सुटीच्या दुपारी मी संगणकासमोर बसून अमेरिकेच्या पश्चिमेत हिंडत असतो. ही अमेरिका अर्थातच इतिहासातली नव्हे. येथे शेरीफ आहेत, दारूचे गुत्ते आहेत, घोडे आणि बंदुका आहेत. त्यांच्याच शेजारी चेटकिणी, नरमांसभक्षक सायरन, थडग्यांतून उठणारी प्रेते आणि पौर्णिमेची वाट पाहणारे लांडगेही आहेत, आणि त्यांचे कोणाला फारसे नवल वाटत नाही.

खेळाचे नाव 'विअर्ड वेस्ट'. तो 31 मार्च 2022 रोजी आला. वुल्फआय स्टुडिओज या लहानशा स्टुडिओने तो घडवला आणि डिव्हॉल्व्हर डिजिटलने प्रकाशित केला. स्टुडिओच्या संस्थापकांपैकी राफाएल कोलांतोनिओ यांनीच 1999 मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात आर्केन हा स्टुडिओ सुरू केला होता आणि 'डिसऑनर्ड' (2012) व 'प्रे' (2017) हे खेळ त्यांच्याच कारकिर्दीतले आहेत. ही वंशावळ येथे नोंदवण्याचे कारण असे, की या घराण्याच्या खेळांना स्वतःची एक रीत आहे. ते खेळाडूला ठरलेली वाट आखून देत नाहीत. आग, पाणी, वीज, तेल, विष यांचे गुणधर्म एकदा पक्के करून देतात आणि मग काय घडते ते पाहत बसतात. आधीच्या खेळांत आपण नायकाच्या डोळ्यांनी पाहत होतो. येथे कॅमेरा उंच आभाळात टांगलेला आहे, त्यामुळे सुरुवातीला सगळे दुरून पाहिल्यासारखे वाटते. हे दुरून पाहणे खेळाच्या कथेशी किती जुळणारे आहे, ते मात्र बऱ्याच उशिरा लक्षात येते.

कथा पाच जणांची आहे. आपण त्यांच्यापैकी कोणीच नसतो. आपण म्हणजे या पाचही जणांच्या देहांत एकामागून एक शिरणारा कोणी अनामिक, आणि ज्या देहात शिरायचे त्याच्यावर डाग देऊन उमटवलेली एक खूण असते. पहिला देह जेन बेल हिचा. इनाम लागलेले गुन्हेगार पकडण्याचा धंदा सोडून ती नवऱ्यामुलासह शेतीभाती करत असते. स्टिलवॉटर टोळी तिच्या मुलाला ठार करते, नवऱ्याला ओढून नेते, आणि ती पुरून ठेवलेली शस्त्रे पुन्हा बाहेर काढते. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही जुन्या घोडेस्वारपटात शोभावी अशी आहे, आणि तसे असण्यात काही बिघडत नाही, कारण ओळखीच्या गोष्टीमुळे खेळाडूचे हात निदान शस्त्रांवर तरी बसतात.

हात बसायला मात्र वेळ लागतो. नेम धरणे आणि पळणे एकाच वेळी साधायचे असते, वरून पाहताना उंचसखल जमिनीचा अंदाज चुकतो, आणि चार माणसांशी सुरू झालेली झटापट क्षणात दहा जणांची होते. यावर खेळाने दिलेला उपाय मला फार आवडला. उडी घेऊन आडवा सूर मारला, की काळ मंदावतो. देह हवेत तरंगत असताना नेम धरून गोळी झाडता येते. बंदुकीच्या प्रत्येक प्रकाराला स्वतःची विशेष कौशल्ये आहेत आणि ती निंप नावाच्या अवशेषांच्या बदल्यात शिकावी लागतात. सोन्याचे इस्पिक एक्के सापडतात, त्यांतून वेगळे, कायमचे गुण मिळतात. या दोहोंतला भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो आत्ताच नोंदवून ठेवतो: अवशेषांतून शिकलेली विद्या त्या देहाबरोबर मागे राहते, आणि एक्क्यांतून मिळालेले गुण पुढच्या देहात सोबत येतात.

आज दुपारची एक चकमक लिहून ठेवण्यासारखी झाली. डाकूंचा तळ होता, रात्र होती आणि भोवती वाळलेले गवत होते. एका खांबावर कंदील लटकत होता आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर तेलाचे पिंप होते. मी पिंप उचलून कंदिलाखाली आणून ठेवले, दगडाआड बसलो आणि पहारेकरी फिरत तिथवर येण्याची वाट पाहून कंदिलावर गोळी झाडली. तेल पेटले, तेलावरून गवत पेटले, आणि जी दोन माणसे मला शोधायला धावली त्यांना आगीनेच अडवले. इथवर सर्व मी योजल्याप्रमाणे झाले. पण तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि बघता बघता आग विझली. जमीन ओली झाली, आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या शत्रूवर विजेचा मारा केला तर तो किती दूरवर जाऊन बसतो, हे मला त्याच क्षणी, कोणी न सांगता, कळून चुकले. खेळात यासाठी कुठलीही सूचना येत नाही. पाण्यातून वीज वाहते हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते आणि खेळाने ते खरे धरलेले असते, एवढेच.

रविवार

भाचा सुटीसाठी आला आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपल्यामुळे दिवसभर माझ्या खुर्चीमागे उभा राहून सल्ले देणे हा त्याचा सध्याचा उद्योग आहे. सकाळी पोहे-तर्री झाल्यावर आम्ही जेनची गोष्ट संपवली. काय झाले ते येथे लिहीत नाही. ती संपताच अनामिक तिच्या देहातून निघाला आणि डोळे उघडले ते डुकराचे मुंडके असलेल्या माणसाच्या देहात. क्लेर्न्स क्विग हे त्याचे नाव. तो पूर्वी माणूस होता. त्याला हे रूप कोणी दिले आणि आधी तो कोण होता, यांतले त्याला काहीच आठवत नाही.

जेन होऊन ज्या वस्तीत मी सन्मानाने फिरत होतो, तेथेच आता माणसे घाबरून बघू लागली. भाचा म्हणाला, "मामा, हा तर आपलाच माणूस आहे नं, मग हे लोक असे काऊन करून राहिले?" त्याचा हा प्रश्न खेळाच्या लेखकांनी ऐकला असता, तर त्यांना आनंद झाला असता. आपला माणूस आहे हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. वस्तीला दिसते ते मुंडके.

मच्छिंद्रनाथांनी मृत राजाच्या देहात प्रवेश केल्याची गोष्ट मी लहानपणी महालातल्या आजोळी ऐकली होती. त्या गोष्टीत सगळी चिंता मागे ठेवलेल्या मूळ देहाची असते: तो सांभाळायचा कोणी, तो नष्ट झाला तर परतायचे कुठे. 'विअर्ड वेस्ट'मध्ये चिंता नेमकी तीच आहे, पण तिला आणखी एक पदर आहे. सोडलेला देह निश्चेष्ट पडून राहत नाही. जेन जिवंत आहे, तिच्या घरी आहे, आणि मी तिच्या हातून जे जे करवले ते तिचे म्हणून तिच्या नावावर जमा आहे. दुपारी त्या डुकरतोंड्याला घेऊन मी तिच्या दाराशी गेलो आणि तिला सोबत घेतले. तिच्या झोळीत माझीच रायफल होती, माझीच काडतुसे होती, आणि एका खाणीतून मी लोभाने उचललेले, नंतर विकायचे राहून गेलेले धातूचे खडे होते. काल मी जी होतो, ती आज माझ्यामागून चालत होती आणि गोळी कोणावर झाडायची ते स्वतः ठरवत होती. आभाळात टांगलेला कॅमेरा मला या प्रसंगी पहिल्यांदा योग्य वाटला. कोणाच्याही डोळ्यांमागे बसलेला नसल्यामुळेच तो या दोघांनाही सारख्याच अंतरावरून पाहू शकत होता.

भाड्याचे घर सोडले तरी भिंतीतले खिळे मागे राहतात, तसे या खेळात देह सोडला तरी केलेले जागच्या जागी राहते. एखाद्या वस्तीतली माणसे मारली, तर ती वस्ती ओस पडते आणि काही काळाने तिथे दुसरेच कोणी, बहुधा नको ते, मुक्कामाला येते. पुढचा देह घेऊन तिथे गेलो, तरी वस्ती ओसच असते. टोळीतला एखादा जण चकमकीतून निसटला, तर तो वैर धरतो आणि नको त्या वेळी वाट अडवतो. याच्या उलटही घडते. पिंजऱ्यातून सोडवलेला एक साधा माणूस आज संध्याकाळी, आम्ही तिघे कोंडीत सापडलेलो असताना, कुठूनसा बंदूक घेऊन धावत आला. त्याचा नेम यथातथाच होता आणि पहिली गोळी त्याने डुकरतोंड्याच्याच दिशेने सोडली, हे सोडून देऊ.

सोमवार, रात्री

ऑफिसातून आल्यावर थोडाच वेळ मिळाला आणि त्यातही मध्ये लाइन गेली. अंधारात बसून भाच्याशी वाद झाला, तो लिहून ठेवतो.

या खेळात हवे तेव्हा खेळ जतन करता येतो. गोळी चुकली, कोणी पाहिले, साथीदार मेला, तर मागचा जतन केलेला क्षण उघडायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. भाच्याच्या मते सोय दिली आहे तर वापरावी. लेखकांनीच खेळाडूला प्रयोग करायला मोकळीक दिली आहे आणि प्रयोग म्हटला की तो पुन्हा करता आलाच पाहिजे. त्याचे म्हणणे कंदील आणि तेलाच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. पण माणसांच्या बाबतीत नाही. ज्या खेळाचे सगळे बळ कर्म मागे उरण्यात आहे, त्यात ते कर्म एका कळीने पुसता येत असेल, तर ओस पडलेली वस्ती आणि वैर धरलेला डाकू यांना वजन उरत नाही. खेळ स्वतः यावर काही मार्ग काढत नाही, आणि ही मला त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. त्यामुळे मी स्वतःपुरती एक रीत ठेवली आहे: वस्तीत शिरण्यापूर्वी जतन करतो आणि वस्तीतून बाहेर पडेपर्यंत त्या कळीला हात लावत नाही. वाटेवरच्या दरोडेखोरांशी मात्र हवे तितके प्रयोग.

बाकी उणिवा किरकोळ आहेत, पण आहेत. झोळी सतत भरलेली असते आणि काय टाकायचे, काय विकायचे यात फार वेळ जातो. कातडी चांभाराकडे, धातू दुसरीकडे, शस्त्रे तिसरीकडे; त्यात रात्री दुकाने बंद. (बंद दुकानात खिडकीतून शिरता येते, आणि भाच्याला ती व्यवस्था फार पसंत पडली आहे.) खाणी आणि गुहा काही काळाने एकमेकींसारख्या दिसू लागतात. निवेदकाचा खरखरीत आवाज सुंदर आहे, पण बाकीची पात्रे पुटपुटतात आणि त्यांचे बोलणे वाचावे लागते. मला वाचायला आवडते म्हणून खपले.

गुरुवार

तिसरा देह मिळाला. लॉस्ट फायर नेशनचा रक्षक, अक्रॉस रिव्हर्स. त्याच्या गोष्टीत विंडिगो आहे: उत्तर अमेरिकेतील अनिशिनाबे लोकांच्या परंपरेतला, कधीही न शमणाऱ्या भुकेचा आणि हव्यासाचा आत्मा. घोडेस्वारपटांत मूळ रहिवासी बहुधा टेकडीवर दिसणारी धोक्याची सावली म्हणूनच येतात. येथे त्याच माणसाच्या देहात बसून हव्यासाचा माग काढायचा आहे, आणि ज्यांच्या मागावर निघायचे ते सोन्यामागे लागलेले लोक आहेत. आत्तापर्यंतच्या तीन गोष्टींत मला ही सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी रक्ताळलेली वाटली. त्याच्या विद्याही तशाच आहेत. अस्वलाचा आत्मा मदतीला बोलावता येतो, वावटळ उठवता येते.

वावटळ उठवली, की तिच्यात शत्रूबरोबर पिंपे, खुर्च्या आणि कधी कधी आपले साथीदारही उचलले जातात. आज तिने जेनला उचलले. भाचा खो-खो हसला. मी मात्र ताबडतोब तिची प्रकृती तपासली, कारण तिच्या झोळीत आमची जवळजवळ सगळी औषधे आहेत आणि शिवाय, खरे सांगायचे तर, तिच्याविषयी मला इतर दोघांहून थोडे अधिक वाटते. सोबत दोनच साथीदार घेता येतात, त्यामुळे डुकरतोंडा आणि जेन या दोघांनीच जागा भरल्या आहेत आणि पैसे देऊन ठेवलेल्या बंदूकधाऱ्याला निरोप द्यावा लागला. एका अर्थी मी आता फक्त स्वतःच्याच सोबतीने प्रवास करतो आहे.

पुढची गोष्ट लांडगा होणाऱ्या देसिदेरिओ रिओसची आहे. तो आला, की सोबतच्या दोन जागांसाठी मागचे तीन देह असतील आणि एकाला घरी ठेवावे लागेल. भाच्याचे मत जेनच्या विरुद्ध आहे. तिची रायफल काढून घ्यावी आणि तिला शेतावर सोडावे, असे तो जेवतानाही सांगत होता. रायफल मी उद्याच काढून ठेवणार आहे. बाकीचे ठरवायला शनिवार आहे.