अल्ब्युमिनच्या एका बाटलीपायी चार महिने

गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाचा जिवाणू, बोरेलिया बर्गडॉरफेरी, सांगलीत नळीत वाढवायचा, एवढंच माझ्या पीएच.डी.चं पहिलं काम. त्याचा बी३१ स्ट्रेन, म्हणजे एक वाण, हातात होता; तो ज्या पोषक द्रवात वाढतो त्या बीएसके-२ माध्यमाची कृती संशोधक बार्बर यांनी १९८४ सालीच छापलेली. म्हटलं, महिन्यात उरकेल.

या माध्यमात घटक ढीगभर, सशाचं सीरमही लागतं, पण सगळा खेळ बोव्हाइन अल्ब्युमिनचा, म्हणजे गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचा. लिटरला ५० ग्रॅम. एकाच कंपनीच्या एका लॉटवर, म्हणजे एका खेपेच्या मालावर, हा जिवाणू फोफावतो, दुसऱ्यावर मान टाकतो. म्हणून मी खरेदी विभागात विशिष्ट लॉट मागितला. तिथले भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, अल्ब्युमिन ते अल्ब्युमिन. लॉट नंबराला फॉर्मात रकाना कुठाय?" तीन कोटेशनं, सर्वांत स्वस्त बाटली.

आठवडाभराने डार्क फील्डखाली, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलं तर जिवाणूंचे धागे ताठ, मधेच फुगीर गाठी, हालचाल शून्य. मी आधी सीरमला दोष दिला, मग पीएच ७.६ आहे ना ते तीनदा तपासलं, मग स्वतःच्या हाताला. शेवटी पुण्यातल्या मैत्रिणीकडून थोडं अल्ब्युमिन उसनं आणून ५० मिलि माध्यम केलं. (०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरआधी जाड फिल्टर लावा, नाहीतर अर्ध्यात तुंबतं.) आठव्या दिवशी लाल माध्यम पिवळसर झालेलं, आणि काळ्यावर चंदेरी केसांसारखे धागे नुसते वळवळत होते. शिपाईमामांना बोलावून दाखवलं. डोळा लावून म्हणाले, "ह्ये तर गप्पच बसंना की!"

हो, राहिलंच. साधा इन्क्यूबेटर फक्त तापवतो. मे महिन्यात आमची खोलीच जिवाणूला लागणाऱ्या ३४ अंशांच्या वर जाते, तेव्हा गारही करणारा बीओडी इन्क्यूबेटरच हवा. नळी गळ्यापर्यंत भरून टोपण घट्ट लावा, या जिवाणूला फार हवा सोसत नाही. रोज उघडून बघू नका. मी बघायचे, दोन नळ्यांत बुरशी आली. आणि पहिल्याच वाढीतून ग्लिसरॉल घालून उणे ८०ला साठा ठेवा, पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की जिवाणूतले प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे सुटे तुकडे, गळतात.

स्वस्त आणि उसन्या अल्ब्युमिनच्या दोन्ही नळ्यांचा फोटो फोनवर भाऊसाहेबांना दाखवला. "मग हे आधी सांगायचं ना!" म्हणाले. तीन लॉटचे नमुने मागवले, तपासले, एकाची ऑर्डर गेली. लॉट नंबर त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिला. तो रकाना फॉर्मवर पहिल्यापासून होता.