तुम्ही विचारलंत म्हणून: रॉकसाठी इलेक्ट्रिक गिटार कुठली घ्यावी?

"रॉक वाजवायचंय, कुठली गिटार घेऊ?" असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका मॉडेलचं नाव ऐकायचं असतं. नाव सांगून मोकळं होता येईल, पण ते उत्तर फसवं ठरेल. जिमी हेन्ड्रिक्सची ओळख फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, एसी/डीसीच्या अँगस यंगची गिब्सनची एसजी, आणि लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर जिमी पेजने मुख्यतः वाजवली टेलिकास्टर, जिला आजही पुष्कळ लोक कंट्री संगीताची गिटार समजतात. तीन वाद्यं, तिघांची घडण निराळी. समान आहे ते केबलच्या दुसऱ्या टोकाला, सिग्नल मोठा करून ऐकवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी (अ‍ॅम्प): अ‍ॅम्पला पेलवणार नाही इतका सिग्नल द्यायचा आणि आवाज फाटू द्यायचा. थोडा फाटला की ओव्हरड्राइव्ह, भरपूर फाटला की डिस्टॉर्शन. म्हणून गिटार निवडताना एकच प्रश्न धरून चालावं: फाटलेल्या आवाजात हे वाद्य कसं वागेल?

डिस्टॉर्शनमध्ये सगळं खपून जातं, असा एक समज आहे. खरं तर उलटं होतं. डिस्टॉर्शन सिग्नलची शिखरं छाटतं, त्यामुळे मोठा आवाज आणि बारीक आवाज यांतलं अंतर कमी होतं. एरवी ऐकूही न येणारी विजेची गुणगुण, बोट तारेवर घासल्याचा आवाज, नको त्या तारेचा झंकार, हे सगळं वर येतं. शिवाय एकदम वाजणाऱ्या दोन स्वरांतून डिस्टॉर्शन नवे स्वर तयार करतं. पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढीच कॉर्ड, रॉकमध्ये इतकी का चालते, त्याचं कारण हेच. मूळ स्वर आणि पंचम यांच्या कंपनांचं प्रमाण २:३ असतं. त्यांच्यातला फरक उरतो १, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खालचा स्वर. दोन तारांतून तिसरा भारदस्त आवाज फुकट मिळतो. पण गिटार जराशी बेसूर असेल तर हाच फुकटचा स्वर डळमळतो आणि कॉर्ड चिखलासारखी ऐकू येते. क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजात खपून जाणारी चूक इथे उघडी पडते.

आता पिकअप, म्हणजे तारांखालचा, त्यांच्या कंपनातून विजेचा सिग्नल काढणारा भाग. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती हजारो वेढ्यांची बारीक तार. वरची पोलादी तार हलली की त्यात सिग्नल तयार होतो. पण हीच कॉइल आसपासच्या वायरिंगची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुणही पकडते, तिला सगळे 'हम' म्हणतात. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास यावर तोड काढली, ती म्हणजे हंबकर. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि तिच्या चुंबकाचे ध्रुवही उलटे. बाहेरून आलेली हम दोन्हींत विरुद्ध येते आणि एकमेकींना खोडते. तारेचा सिग्नल मात्र दोनदा उलटल्यामुळे सरळ होतो आणि त्याची बेरीज होते. त्यामुळे हंबकरचा आवाज जाड आणि जोरकस. वरच्या पट्टीतली चमक थोडी कमी.

डिस्टॉर्शनमधली बहुतेक रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथल्या, पिकअपवर वाजते. म्हणून हार्ड रॉक किंवा मेटल डोक्यात असेल तर ब्रिजला हंबकर हवाच. उरलेल्या जागी काय आहे, ते दुय्यम. नक्की काय वाजवणार हे अजून ठरलं नसेल तर ब्रिजला हंबकर आणि मध्ये व नेकला (गिटारच्या दांड्याकडे) सिंगल कॉइल ही मांडणी घ्या, दुकानात तिला एचएसएस म्हणतात. पहिल्या गिटारसाठी मी सुचवेन ती हीच. कमी गेनवर, म्हणजे सिग्नल कमी वाढवून, वाजणाऱ्या ब्लूज-रॉक वळणाच्या संगीताला सिंगल कॉइल उत्तम. पिकची (तार छेडायच्या चकतीची) प्रत्येक टोच त्यात ऐकू येते. आणि पंक किंवा गॅरेज रॉक आवडत असेल तर पी-नाइन्टी जरूर ऐका: आहे सिंगल कॉइलच, पण रुंद, गुरगुरणारा. हम मात्र त्यालाही आहे.

"हॉट" पिकअपच्या मोहात पडू नका. कागदावर पिकअपचा रोध किलोओहममध्ये दिलेला असतो: जुन्या धाटणीचा हंबकर साधारण ७.५ ते ८.५, हॉट म्हणून विकला जाणारा १४ ते १६. वेढे जास्त म्हणजे जोर जास्त, पण वरच्या पट्टीचा आवाज तितकाच दबतो. तारेची जाडी आणि चुंबकाचा प्रकार वेगळा असेल तर नुसत्या आकड्यांची तुलना फसतेही. गेन आजच्या कुठल्याही अ‍ॅम्पमध्ये हवा तेवढा मिळतो. पिकअपने दाबून टाकलेला तपशील अ‍ॅम्प परत आणू शकत नाही. अ‍ॅक्टिव्ह पिकअप ही वेगळी जात: आत ९ व्होल्टची बॅटरी, आवाज शांत आणि घट्ट, मेटलला सोयीचा. केबल जॅकमध्ये तशीच ठेवली की बॅटरी उतरत राहते, तेवढं लक्षात ठेवा.

ब्रिजबाबत माझं मत ठाम आहे. पहिली रॉक गिटार फिक्स्ड, म्हणजे न हलणाऱ्या, ब्रिजची असावी. फ्लॉइड रोझ हा हलता ब्रिज दिसतो देखणा, आणि नीट बसवलेला असला की व्हॅमी बारने (ब्रिज हलवायच्या दांडीने) तारा पार ढिल्या करून सोडल्या तरी सुरात परत येतो. पण तो मागच्या स्प्रिंग आणि पुढच्या तारा यांच्या ताणावर तरंगत असतो. एक तार तुटली की बाकीच्या पाचही चढतात. एक तार बेंड केली, म्हणजे दाबून बाजूला ओढली, की बाकीच्या उतरतात. पाम म्यूट करताना, म्हणजे ब्रिजपाशी तळहात टेकवून तारा दबक्या वाजवताना, तळहाताचा भार जास्त पडला की सूर वर सरकतो. ड्रॉप डी करायचं, म्हणजे जाड ई तार डीपर्यंत उतरवायची, म्हटलं की सगळा तोल पुन्हा साधावा लागतो. त्यात स्वस्त नकलेत ब्रिज ज्या धारेवर डोलतो ती धार मऊ धातूची असते. ती झिजली की तो मूळ जागी परतत नाही आणि मग दोष खुंट्यांना दिला जातो. बार हवाच असेल तर स्ट्रॅटोकास्टर पद्धतीचा साधा ट्रेमोलो (बार असलेला ब्रिज) घ्या आणि मागचे स्प्रिंग आवळून तो बॉडीला टेकवून ठेवा. खाली बार चालतो, वर चालत नाही, पण सूर टिकतो.

स्केल लेंग्थ म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची हलणारी लांबी. फेंडर पद्धतीत ती २५.५ इंच (६४८ मिमी), गिब्सन पद्धतीत २४.७५ इंच (सुमारे ६२८ मिमी). फरक दोन सेंटिमीटरचा, पण ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे त्याच तारा त्याच सुरात आखूड स्केलवर साधारण ६ टक्के ढिल्या लागतात. बेंड सोपे जातात. उलट तारा खाली उतरवून वाजवणाऱ्याला लांब स्केल बरं. सगळी गिटार एक पूर्ण स्वर खाली लावली की ताण जवळपास २१ टक्क्यांनी घटतो. तारा लोंबतात, फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटतात, जोरात मारलेला स्वर आधी वर जाऊन मग खाली येतो. तेव्हा १० ऐवजी ११ चा संच (आकडा सर्वांत पातळ तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) चढवला की ताण बराचसा भरून निघतो. स्टँडर्ड ट्यूनिंगला लांब स्केलवर ९-४२ (सर्वांत पातळ ते सर्वांत जाड तार) आणि आखूडवर १०-४६ ही सुरुवात कुणालाही चालते.

फ्रेटबोर्डचा, म्हणजे नेकच्या फ्रेट बसवलेल्या पुढच्या बाजूचा, गोलवाही पाहा. ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगला गोलसर फ्रेटबोर्ड कॉर्डला आरामाचा असतो, पण तारा खाली ठेवून वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेतला की तार बोर्डाच्या उंचवट्यावर टेकते आणि आवाज गुदमरतो. सोलोसाठी ९.५ ते १२ इंच बरा. लाकडावर मी फार बोलणार नाही. महोगनी की आल्डर यावर लोक रात्री जागवतात. भरपूर गेनखाली पिकअप, तारा आणि स्पीकर यांच्या पुढे त्या फरकाला जागा उरत नाही. लाकडाचं वजन मात्र खरं आहे. साडेचार किलोची गिटार पट्ट्यावर दोन तास धरून पाहावी, मग मत बनवावं. एसजीसारख्या हलक्या बॉडीच्या गिटारचं नेक खाली झुकतं, तेही उभं राहूनच कळतं.

इथपर्यंत कागदावरची निवड झाली. पण एकाच मॉडेलच्या दोन गिटारांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून दुकानात दहा मिनिटं तपासणीला द्या. ट्यूनर सोबत न्या. आधी गिटार सुरात लावा आणि लावताना नटकडे कान द्या. खुंटी फिरवताना 'टिक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर (नेकच्या टोकावर) डी आणि जीच्या तारा नटपाशी बाजूला वळतात, तिथे हे हमखास होतं. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासून बरंच काम भागतं. खाचच अरुंद असेल तर ती घासून रुंद करावी लागते.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. हो, सगळ्या. कंटाळवाणं आहे, पण मेलेला स्वर किंवा वर आलेली एखादी फ्रेट दुसऱ्या कशानेही सापडत नाही. पातळ दोन तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढे पूर्ण स्वराचे बेंड घ्या. नेकच्या कडेवरून बोट फिरवा. लाकूड सुकून आकसलं असेल तर फ्रेटची टोकं बोचतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून वाजवलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेका) मागे न्यायचं, उतरा असेल तर पुढे. हे इंटोनेशन. तारा गंजलेल्या असतील तर ही तपासणी व्यर्थ आहे, नव्या चढवायला सांगा.

नेकचा बाक असा पाहतात: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहायची. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. फट अजिबात नसेल तर पहिल्या काही फ्रेटवर तारा झणझणतात. कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पाहा: जाड ईखाली २ आणि पातळ ईखाली दीड मिलिमीटर ही चांगली सुरुवात.

यातलं काय माफ करायचं? तारांची उंची, इंटोनेशन, नेकचा बाक, पिकअपची उंची, खरखरणारा नॉब. हे सगळं सेटअपमध्ये सुटतं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं. माफ करायचं नाही ते पिळलेलं नेक. हेडस्टॉककडून ब्रिजच्या दिशेने नजर लावली की ते दिसतं, कारण नट आणि शेवटची फ्रेट एका पातळीत दिसत नाहीत. आणि अजिबात न फिरणारा ट्रस रॉड. अशी गिटार कितीही सुंदर रंगाची असो, परत ठेवा.

शेवटी अ‍ॅम्पला जोडा. आधी क्लीन, मग तुम्ही खरोखर वाजवणार तेवढा गेन. जॅकपाशी केबल हलवून खरखर होते का पाहा. तारांवर हात ठेवून गेन वाढवा. तारा गप्प असूनही चिरका शीळेसारखा आवाज येत राहिला तर पिकअपची कॉइल आतून सैल आहे. मेणात बुडवलेल्या पिकअपला हा त्रास सहसा होत नाही. हात ठेवताच थांबणारा, तारेतून येणारा फीडबॅक वेगळा. तो तर रॉकचा दागिना आहे. मग गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ५ वर आणा. आवाज हळूहळू स्वच्छ व्हायला हवा. ८ वरच बसला किंवा ब्लँकेटखालून आल्यासारखा झाला तर आतला पॉट (नॉबखालचा बदलता रोध) तपासायला सांगा; हंबकरला साधारण ५०० किलोओहमचा लागतो, सिंगल कॉइलला २५० चा. दोन गिटारांची तुलना करताना अ‍ॅम्पचा आवाज कानाने जुळवून घ्या, कारण जी मोठ्याने वाजते ती नेहमीच चांगली वाटते.

यानंतर हमखास येणारा दुसरा प्रश्न: सगळे पैसे गिटारमध्ये घालू का? नाही. एक तृतीयांश तरी अ‍ॅम्पसाठी ठेवा. घरी सरावाला १० ते २० वॉटचा, किमान ८ इंची स्पीकरचा, वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करणारा मॉडेलिंग अ‍ॅम्प भरपूर झाला. १५ वॉटचा, काचेच्या ट्यूबवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प कागदावर लहान दिसतो, पण त्याच्या ट्यूबमधून खरा ओव्हरड्राइव्ह काढायला जेवढा आवाज करावा लागतो, तेवढा शेजारी सहन करणार नाहीत. आणि डिस्टॉर्शन पेडल थेट म्युझिक सिस्टिमला जोडलंत तर मधमाश्यांचं पोळं ऐकू येईल. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापतो, म्युझिक सिस्टिमचा स्पीकर कापत नाही. हेडफोनवर वाजवायचं असेल तर मध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) असलेलं काहीतरी हवं, मग ते पेडल असो, मॉडेलिंग अ‍ॅम्पचा हेडफोन जॅक असो की कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर.