पाचगणीच्या बंगल्यातलं बंद धुराडं

बाईंनी मला बोलावलं होतं ते छप्पर गळतंय म्हणून. दिवाणखान्यातल्या जुन्या फायरप्लेसच्या वर, भिंतीवर चहाच्या रंगाचा मोठा डाग उठला होता. मंगलोरी कौलं बदलून झाली होती, ऑइलपेंटचे हातही देऊन झाले होते. डाग रंगातून पुन्हा वर यायचाच.

मी वाईहून घाट चढून गेलो तेव्हा पाऊस सरून महिना उलटला होता. भिंत तरी हाताला चिकट लागत होती. बाई सहज बोलून गेल्या, "आभाळ भरून आलं की पाऊस पडायच्या आधीच हा ओला होतो हो." मला तिथंच संशय आला. गळती असती तर पावसानंतर भिजली असती.

लाकूड-कोळशाच्या काजळीत क्षार असतात. ओल आली की ते गिलाव्यात उतरतात आणि नंतर हवेतलं दमट शोषत राहतात. प्रश्न एवढाच होता, की ओल आली कुठून?

फायरप्लेसचं तोंड प्लायवूड ठोकून, कडा लांबी (पुट्टी) भरून गच्च बंद केलं होतं. माकडं आणि पाकोळ्या येतात म्हणून वर चिमणीवर शहाबादी फरशी सिमेंटात बसवलेली. म्हणजे दोन्हीकडून बूच! चिमणी छपराच्या वर चारी बाजूंनी पाऊस खाते. जांभ्यातून आत मुरलेलं पाणी आणि घरातली दमट हवा, दोन्हींना बाहेर पडायला वाटच नव्हती. थंडीत आतल्या गार भिंतीला घाम सुटायचा.

प्लाय काढला तसा ओल्या काजळीचा डांबरट वास घरभर झाला. बाई पदर नाकाला लावून व्हरांड्यात गेल्या. मी तोंडाशी अगरबत्ती धरली. धूर तिथंच घुटमळून खोलीत परत आला. मिस्त्रीनं वर फरशी उचकटली, तरी तसंच. मग बांबूला काथ्या बांधून धुराडं झाडलं, तेव्हा कावळ्यांच्या काटक्यांचं घमेलंभर घरटं खाली आलं. त्यानंतर मात्र धूर सरळ वर ओढला गेला.

"आता कायमचं बुजवून टाका," बाई म्हणाल्या. तोंड बुजवायला माझी हरकत नव्हती, पण वारा खेळता ठेवूनच. अर्ध्या विटेच्या जाडीचं बांधकाम केलं, जमिनीलगत ९ बाय ६ इंचांची जाळी बसवली. वर पत्र्याची टोपी घातली, चारी बाजूंनी मोकळी, पण जाळीची आणि कडा चांगल्या बाहेर काढलेल्या. पाचगणीचा पाऊस आडवा येतो. डागाचा गिलावा जांभ्यापर्यंत खरवडून चुन्याचा केला. सिमेंटनं ओल आतच कोंडली असती.

जाळीतून गार वारा येतो ही बाईंची कुरकुर खरी आहे. थोडा येतो. जाळीवर कॅलेंडर टांगू नका एवढं मी दोनदा बजावलं.

राखणदाराला एकच चिंता, डिसेंबरात पाहुण्यांसाठी शेकोटी पेटवता येईल का. विटा काढून, धुराडं पुन्हा झाडून तपासल्याशिवाय नाही, असं सांगितलं. रंगाचंही तेच. दिवाणखान्याला पुढच्या आठवड्यात रंगारी लावायचा बाईंचा बेत होता. गिलावा पुरा वाळेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत, ती भिंत कोरीच ठेवा म्हटलं. बाईंना ते अजिबात पटलं नाही, पण रंगाऱ्याला फोन त्यांनीच केला.