डॉलर हरभऱ्यासाठी प्लँटरची चकती: स्टेप फाइल मापात आणताना आलेला अनुभव

आमच्या दर्यापूर तालुक्यात रब्बी म्हणजे हरभरा. खारपाणपट्टा असल्याने बोअरचं पाणी खारट, म्हणून पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच सगळी भिस्त. बहुतेकांचा पेरा जाकी ९२१८ या लहान दाण्याच्या हरभरा वाणाचा. ज्यांच्याकडे थोडीफार गोड्या पाण्याची सोय आहे ते डॉलर, म्हणजे पीकेव्ही काबुलीसारखे टपोरे वाण लावतात. अडचण येते ती पेरणीच्या वेळी. बीबीएफ प्लँटरच्या (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणाऱ्या यंत्राच्या) बियाणे पेटीत तिरपी चकती फिरते, तिच्या कडेच्या खाचेत एकेक दाणा बसून वर येतो आणि नळीत पडतो. खाच लहान असली की डॉलरचा दाणा अर्धाच आत जातो आणि पेटीच्या काठाला घासून फुटतो. फुटलेला दाणा उगवत नाही, आणि डॉलरचं बियाणं काही स्वस्त नाही.

शेजारचे काका चकती घेऊनच दुकानात आले. "पोरा, दाना फुटून राह्यला. खाच मोठी करून देतं काय?" दुकानात वेल्डिंग आणि लेथ आहेच, शिवाय थ्रीडी प्रिंटरही घेतलेला आहे. कानशीने खाच मोठी करता येते, पण सगळ्या खाचा सारख्या येत नाहीत आणि तळाचा उतार बिघडतो. दाणा नळीत सुटतो तो त्या उतारामुळेच. म्हणून चकती नव्यानेच करायचं ठरवलं.

पुण्यात डिझाइनचं काम करणाऱ्या मित्राकडे तशाच चकतीचं मॉडेल होतं. त्याने स्टेप फाइल, म्हणजे एका कॅड सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येणारी थ्रीडी मॉडेलची फाइल, पाठवली. स्टेप मागितली ती मुद्दाम, कारण एसटीएल या थ्रीडी छपाईच्या नेहमीच्या फाइलमध्ये एकक नोंदवलेलं नसतं. इंचात काढलेलं मॉडेल २५.४ पटीने लहान उघडतं. स्टेपमध्ये एकक येतं आणि गोल भाग गोलच राहतो. येत नाही तो चित्राचा इतिहास. स्केच, पॅड, पॉकेट अशा मॉडेल घडवण्याच्या पायऱ्या काही नाहीत, नुसता घट्ट गोळा. त्यात खाचेची लांबी बदलायला कुठे आकडाच नसतो.

अशा गोळ्याला मोठं करायचा सरळ मार्ग म्हणजे अख्खी चकती स्केल करणं. इथे तो चालत नाही. चकतीचा व्यास १२० मिमी आहे, तो वाढला तर ती पेटीत बसणार नाही. मधलं भोक शाफ्टच्या मापाचं, बोल्टची भोकंही ठरलेली. आठच्या बोल्टला साडेदहाचं भोक काय कामाचं? वाढायची आहे फक्त खाच, आणि तीही तिन्ही दिशांना वेगवेगळ्या मापाने. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं राहिलं: काय वाढणार आणि काय जसंच्या तसं राहणार, हे फाइलला हात लावायच्या आधी कागदावर लिहून काढणं.

मग दाणे मोजायला घेतले. काकांच्या पोत्यातले मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरले आणि व्हर्नियर लावला. हरभऱ्याच्या दाण्याला चोच असते. लांबी मोजताना ती चोच धरूनच मोजायची, कारण काठाला पहिली अडकते ती चोचच. लांबीला सरासरी न घेता मोठ्यात मोठा दाणा धरला: १०.८ मिमी. रुंदी ८.६ आणि जाडी ८ च्या आसपास. लांबीत दहा टक्के मोकळीक दिली की खाच ११.९ ची होते. जुनी खाच ९ लांब, ७.२ खोल, आणि चकती ६ जाड. म्हणजे गुणक निघाले लांबीला १.३२, खोलीला १.१९ आणि जाडीला १.३३.

फ्रीकॅड या मोफत कॅड सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे हाताने न टाकता स्प्रेडशीटमध्ये ठेवले. प्रत्येक मापाच्या सेलला रोमन अक्षरात नाव दिलं आणि गुणक सूत्राने काढला: नवं माप भागिले जुनं माप. दोन्ही मिमीमध्ये लिहिली की भागाकारात एकक उडतं. उडालं नाही तर स्केलच्या रकान्यात ते सूत्र चालत नाही, कारण तिथे नुसता आकडा लागतो.

आता गोळ्यातून खाच सुटी करायची होती. १२० व्यासाची कोरी चकती काढून तिच्यातून आयात केलेली चकती वजा केली. उरतात ते सगळे पोकळ भाग, पण भरीव रूपात. हे मला फार आवडतं. जिथे आधी हवा होती तिथे हातात धरता येईल असा तुकडा मिळतो, उतारासकट. ते वेगळे करून एक्स अक्षावरची एक खाच ठेवली, बाकीच्या काढून टाकल्या.

स्केल नेहमी मूळबिंदूभोवती, म्हणजे अक्ष जिथे मिळतात त्या शून्य बिंदूभोवती होतं; इथे तो चकतीचं केंद्र आहे. खाच केंद्रापासून ६० मिमीवर आहे, तशीच १.१९ ने वाढवली तर तिची बाहेरची कड ७१ च्याही पुढे जाते, म्हणजे चकतीच्या बाहेर. म्हणून खाच आधी ६० मिमी आत सरकवली, कड मूळबिंदूवर आणली आणि ती कंपाउंडमध्ये (फ्रीकॅडमधल्या गठ्ठ्यात) गुंडाळली, म्हणजे नवी जागा पक्की धरली जाते. मग त्या कंपाउंडला स्केल, एकसमान नको असं सांगून, तिन्ही रकान्यांत स्प्रेडशीटची सूत्रं. शेवटी परत ६० मिमी बाहेर.

तिन्ही दिशांचे गुणक वेगळे असले की गोल पृष्ठभाग खऱ्या अर्थाने गोल राहत नाहीत, त्यांचे बीस्प्लाइन, म्हणजे सूत्राने काढलेले मुक्त वक्र होतात. त्यांच्यावर त्रिज्या मोजता येत नाही. म्हणून शाफ्टचं आणि बोल्टचं भोक सगळ्यात शेवटी, दाण्याच्या जाडीइतक्या, म्हणजे ८ मिमी जाड नवीन चकतीवर, खऱ्या मापाने पाडलं.

खाचांची संख्याही तशीच ठेवता येत नव्हती. १२० व्यासाचा परीघ ३७७ मिमी; आधीच्या २४ खाचा ठेवल्या तर दोन खाचांमधली भिंत ३.८ मिमी उरते. छापलेल्या प्लास्टिकला मला ती कमी वाटली. २२ केल्या तर ५.२ उरते. ही भिंतही स्प्रेडशीटमध्ये सूत्राने ठेवली, दाणा बदलला की आपोआप दिसते. खाचा कमी झाल्या की दोन दाण्यांतलं अंतर १० सेंमीचं जवळपास १०.९ होतं. काकांना ते आधीच सांगितलं. ते म्हणाले, "थोडं विरळ चालते, फुटलेलं नाही चालत."

छापायला पीएलए हे थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक वापरलं नाही. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये, उन्हात तापलेल्या पेटीत चकती वाकायला वेळ लागणार नाही. त्यापेक्षा जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लास्टिक घेतलं. गावात लाइटचा भरवसा नसल्याने प्रिंटर इन्व्हर्टरवर लावला.

पेटी भरून चकती हाताने फिरवली आणि खाली घमेलं ठेवलं. दाणे एकेक पडले, घमेल्यात फुटका दाणा नव्हता. मग त्याच चकतीत जाकी भरून पाहिला, तेव्हा एका खाचेत दोन-दोन दाणे बसायला लागले. म्हणून चकतीवर मार्करने "डॉलर" लिहून दिलं आणि जाकीच्या चकतीला वेगळ्या खुंटीवर टांगायला सांगितलं. आता तुरीचे दाणे मोजून ठेवले आहेत. त्यांची ओळ स्प्रेडशीटमध्ये घातली आहे, खरिपाच्या आधी ती चकती छापायची आहे.