गळणाऱ्या केसाची खरी तारीख

दरवर्षी दिवाळी उलटली की कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत केस गळण्याचा विषय हमखास निघतो आणि त्याचे खापर कधी बोअरच्या पाण्यावर, कधी थंडीवर, तर कधी नव्या शाम्पूवर फुटते. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असल्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्यापर्यंत येतात. मागे एकदा शेजारची मुलगी कंगव्यातला गुंता हातात घेऊनच आली आणि म्हणाली, "काकू, बघा की, नुसता हात फिरवला तरी एवढे निघतात. पाणी बदललं तर थांबतील काय?" मी तिला विचारले की गणपतीच्या सुमारास तुला ताप येऊन गेला होता का. आला होता, डेंग्यू होता, सलाईन लावावे लागले होते. "पण ते कधीच बरं झालं की," असे म्हणून तिने तो विषय बाजूला सारला.

तिच्या गुंत्यातले पाच-सहा केस मी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. प्रत्येक केसाच्या मुळाकडच्या टोकाला लहानशी, कोरडी, रंगहीन गाठ होती. चालू वाढीतला केस उपटला, तर त्याचे बूड काळपट आणि ओलसर दिसते आणि त्याला पारदर्शक आवरणाचा तुकडा चिकटून येतो. हे केस तसे नव्हते. ते कुणी ओढून काढले नव्हते किंवा पाण्याने तुटलेही नव्हते; त्यांची वाढ बऱ्याच दिवसांपूर्वी थांबली होती आणि ते नुसते जागेवर अडकून राहिले होते. केस ज्या दिवशी गळतो, त्याच दिवसाच्या आसपास त्याचे कारण शोधण्याची आपल्याला सवय असते. प्रत्यक्षात कारण आणि गळती यांच्यात साधारण दोन ते तीन महिन्यांचे अंतर असते आणि केसांविषयीचे आपले बहुतेक गैरसमज या अंतराच्या पोटातच जन्माला येतात.

हे अंतर समजण्यासाठी केशकूपाचे, म्हणजे हेअर फॉलिकलचे, चक्र पाहावे लागते. डोक्यावरचा प्रत्येक केशकूप आळीपाळीने तीन अवस्थांतून जातो. ॲनाजेन ही वाढीची अवस्था, जी टाळूवर साधारण दोन ते सहा वर्षे चालते. कॅटाजेन ही दोन-तीन आठवड्यांची आवराआवरीची अवस्था, ज्यात केशकूपाचा खालचा भाग आक्रसून नाहीसा होतो. आणि टेलोजेन ही सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, जिच्या शेवटी जुना केस सुटतो आणि नवा वर येऊ लागतो. निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, त्यांपैकी ढोबळमानाने दहा टक्के विश्रांतीत असतात. म्हणजे दहा हजार केस आणि विश्रांतीचे साधारण शंभर दिवस. भागाकार केला की रोज शंभर केस गळणे ही तक्रार नसून नित्याचा हिशेब आहे, हे कळते. उंदराच्या अंगावरच्या केशकूपांची चक्रे लाटेसारखी एकत्र फिरतात, माणसाच्या डोक्यावरचा प्रत्येक केशकूप मात्र आपापल्या वेळेने चालतो, म्हणूनच आपण ऋतुमानाप्रमाणे टकले होत नाही.

मोठा ताप, शस्त्रक्रिया, अचानक केलेला कडक उपास किंवा बाळंतपण यांमुळे केशकूपांच्या वेळांमधला हा वेगळेपणा तात्पुरता मोडतो आणि एरवी वाढत राहिले असते असे अनेक केशकूप एकाच वेळी विश्रांतीत जातात. त्या दिवशी डोक्यावर काहीच दिसत नाही. तीन महिन्यांनी ते सगळे केस जवळजवळ एकत्र सुटतात. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिले. बाळंतपणानंतरच्या गळतीविषयी आपल्याकडे बायका म्हणतात की बाळ आईला ओळखून हसायला लागले की आईचे केस गळतात. यातला कार्यकारणभाव चुकीचा असला तरी तारीख अचूक आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे केशकूप नेहमीपेक्षा जास्त काळ वाढीत राहतात, प्रसूतीनंतर ते एकदम विश्रांतीत जातात आणि साधारण तिसऱ्या महिन्यात, नेमके बाळ ओळखीचे हसू लागते तेव्हा, गळती सुरू होते.

आता या वेळापत्रकात तेलाची बाटली कुठे येते ते पाहावे. गळती सुरू झाल्यावर पहिले काही दिवस माणूस दुर्लक्ष करतो, मग घाबरतो, मग महाद्वार रोडवरून माक्याचे किंवा जास्वंदीचे तेल आणतो. तोवर गळतीचा भर ओसरत आलेला असतो, कारण एकत्र सुटणारे केस संपत आलेले असतात. पुढच्या काही आठवड्यांत गळती थांबते आणि श्रेय बाटलीला जाते. शेजारच्या मुलीच्या आईने हेच केले आणि त्या तेलाची शिफारस आता गल्लीभर झाली आहे. मी तेलाच्या विरोधात नाही. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईतल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवून दिले की खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरते आणि धुण्या-विंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात हा गुण त्यांना आढळला नाही. परंतु हा उपयोग त्वचेच्या वर आलेल्या, केराटिन या प्रथिनाच्या निर्जीव दांड्याला होतो. खाली मुळाशी पोषण पोहोचते ते रक्तवाहिन्यांतून, आणि म्हणूनच लोह किंवा थायरॉइडची तपासणी तेलापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते.

जावळाचेही असेच आहे. जोतिबाच्या डोंगरावर किंवा कुलदैवताच्या दारी बाळाचे जावळ काढले की केस दाट येतात, असे घरोघरी मानले जाते. 1928 मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढीचे केस मोजून दाखवले की वस्तऱ्याने केसाची जाडीही बदलत नाही आणि वाढीचा वेगही. वस्तरा केसाचे टोक कापतो. तो केशकूपापर्यंत पोहोचतच नाही. तान्ह्या बाळाचे पहिले केस मुळातच बारीक असतात, वयाबरोबर ते आपसूक जाड होत जातात आणि आपण नेमक्या त्याच काळात जावळ काढतो. विधी म्हणून जावळाला माझी काहीच हरकत नाही.

जटेचा प्रश्न मात्र इतका निरुपद्रवी नाही. आपल्या भागातून सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या अनेक बायकांच्या डोक्यावर देवीची म्हणून राखलेली जट असते आणि ती वर्षानुवर्षे वजनदार होत जाते, हाच तिच्या देवपणाचा पुरावा मानला जातो. खरे तर जटेतला केशकूप इतर कुणाच्याही केशकूपासारखाच वागतो. रोज विश्रांती संपवून सुटणारे केस खाली पडायचे, ते गुंत्यात अडकून तिथेच राहतात, नवे केस त्यात गुंफले जातात आणि जट वाढत जाते. ती कापल्यावर मानेवरचा ताण जातो. केशकूपांना त्याची खबरही नसते.

केस गळल्यावर त्याच जागी पुन्हा कसा येतो, हा माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. 1990 पर्यंत बहुतेकांची समजूत होती की केसाला जन्म देणाऱ्या मूलपेशी अगदी तळाशी, केसाच्या फुगीर बुडातच असल्या पाहिजेत, कारण तिथे पेशी झपाट्याने विभागताना दिसतात. त्या वर्षी जॉर्ज कॉट्सारेलिस, तुंग-तिएन सुन आणि रॉबर्ट लेव्हकर यांनी उंदरांच्या त्वचेतील पेशींना खूण केली आणि कित्येक आठवड्यांनी कोणत्या पेशींमध्ये ती टिकून आहे हे पाहिले. वेगाने विभागणाऱ्या पेशींमधली खूण विरून गेली होती. ती टिकली होती वरच्या बाजूला, अंगावर काटा आणणारा स्नायू केशकूपाला जिथे जोडला जातो त्या फुगवट्यातल्या, क्वचितच विभागणाऱ्या पेशींमध्ये. ऊस तोडून नेला तरी जमिनीत राहिलेल्या बुडख्यातून खोडवा फुटतो, तसा केशकूपाचा खालचा भाग दर चक्रात नाहीसा झाला तरी हा फुगवटा शिल्लक राहतो आणि त्यातून नवा केस येतो.

पण या मूलपेशींना जागे कोण करते? तळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो आणि बरेचसे हुकूम तिथून सुटतात. 1960 च्या दशकात आर. एफ. ऑलिव्हर यांनी उंदरांच्या मिशांचे केशकूप खालून कापले. खालचा थोडाच भाग काढला, तर पॅपिला पुन्हा तयार होऊन मिशी यायची. जास्त काढला, तर यायची नाही. मग अशा बंद पडलेल्या केशकूपात त्यांनी दुसरी पॅपिला बसवली आणि मिशी पुन्हा उगवली. 1984 मध्ये कॉलिन जहोदा आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पॅपिलेच्या पेशींनीही हेच साधले. 1999 चा त्यांचा प्रयोग वर्गात सांगितला की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. जहोदा यांच्या टाळूवरच्या केशकूपांच्या तळाकडच्या आवरणातील पेशी त्यांच्या सहकारी आणि पत्नी अमांडा रेनल्ड्स यांच्या हाताच्या त्वचेत रोवण्यात आल्या. तिथे नवे केशकूप तयार झाले, त्यांत पुरुषाची गुणसूत्रे असलेल्या पेशी सापडल्या आणि परक्या माणसाच्या असूनही रेनल्ड्स यांच्या शरीराने त्या नाकारल्या नाहीत.

असे असताना टक्कल अजून का आहे, हा प्रश्न विद्यार्थी लगेच विचारतात. पहिली अडचण अशी की माणसाच्या पॅपिलेच्या पेशी सपाट बशीत वाढवल्या की केस घडवण्याची आपली शक्ती हरवून बसतात. 2013 मध्ये अँजेला क्रिस्टियानो, जहोदा आणि क्लेअर हिगिन्स यांनी त्या पेशी लोंबत्या थेंबांत वाढवून त्यांचे गोळे होऊ दिले, तेव्हा ही शक्ती काही अंशी परत आली. दुसरी गोष्ट टकलाच्या स्वरूपाविषयीची आहे. पुरुषी टकलात केशकूप मरत नाही, तर दर चक्रात त्याची वाढीची अवस्था आखूड होत जाते आणि केस बारीक होत होत लव उरते. 2011 मध्ये लुई गार्झा, कॉट्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाच्या केसाळ आणि टकल्या त्वचेची तुलना केली, तेव्हा मूलपेशींची संख्या दोन्हीकडे सारखी निघाली. कमी होत्या त्या मूलपेशींपासून पुढे तयार होणाऱ्या पेशी.

यामागे पुरुषी संप्रेरके आहेत, हे जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्येच दाखवले होते. पौगंडावस्थेआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते, पण टेस्टोस्टेरॉन दिल्यावर आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना पडू लागले. गंमत म्हणजे हेच संप्रेरक हनुवटीवर दाढी दाट करते. गंगावेशीच्या तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाची मिशी भरदार आणि कपाळ मोठे होत चाललेले दिसते, त्यात काहीच विसंगती नाही. दोन्ही ठिकाणचे केशकूप एकाच निरोपाचा वेगळा अर्थ लावतात. मागच्या बाजूचे केस या निरोपाकडे बहुधा कानाडोळा करतात आणि जागा बदलली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत, असे नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी 1959 मध्ये लिहिले. शहरातल्या हेअर ट्रान्सप्लांटच्या सगळ्या फलकांचा आधार हाच आहे. त्या फलकांवर सांगितले जात नाही ते हे, की त्यातून एकही नवा केस निर्माण होत नाही, मागचे केशकूप पुढे नेले जातात एवढेच.

औषधांबाबतही तारखेचा घोळ सुटत नाही. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याने तिच्याकडे लक्ष गेले आणि अमेरिकेत 1988 मध्ये टाळूवर लावायचे औषध म्हणून तिला मान्यता मिळाली. ते विश्रांतीतल्या केशकूपांना वाढीकडे ढकलते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे जुने केस उलट जास्तच गळतात आणि अनेकजण नेमके तेव्हाच घाबरून ते सोडतात. फिनास्टेराइड हे दुसरे औषध 1997 मध्ये टकलासाठी मान्य झाले. दोन्हींचा परिणाम कळायला महिनोन् महिने लागतात आणि दोन्ही बंद केल्यावर फायदा टिकत नाही, म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावीत. चाई पडणे हा प्रकार पूर्ण वेगळा आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केशकूपावर हल्ला करते, आणि तीव्र चाईसाठी 2022 मध्ये अमेरिकेत मान्य झालेले बॅरिसिटिनिब हे या हल्ल्यालाच आवर घालणारे औषध आहे.

चांगल्या चाचण्यांमध्ये टाळूवर गोंदणाचा बारीक ठिपका देऊन त्याच्या भोवतीच्या ठरावीक तुकड्यातले केस कित्येक महिने पुन्हा पुन्हा मोजतात आणि काही जणांना नुसते औषधाविना द्रावण लावायला देतात, ते याच कारणासाठी. आपोआप थांबणारी गळती आणि औषधाने थांबलेली गळती घरच्या आरशात सारखीच दिसते.

अलीकडे 2020 मध्ये कार्ल कोहलर, जियून ली आणि सहकाऱ्यांनी मानवी मूलपेशींपासून प्रयोगशाळेत त्वचेचे गोळे वाढवले, ज्यांत केशकूप, चरबी आणि चेतातंतूही होते. त्यांना केस यायला चार-पाच महिने लागले. हे गोळे उंदरांच्या पाठीवर बसवल्यावर काहींतून दोन ते पाच मिलिमीटरचे केस बाहेर आले. असे केस ठरावीक दिशेने आणि ठरावीक कोनात वाढवणे, त्यांचा रंग टिकवणे आणि पहिला केस सुटल्यावर त्याच केशकूपातून दुसरा, तिसरा येत राहील याची खात्री करून घेणे, हे काम अजून बाकी आहे.